भीमाला हिव भरलं

मी अजगर बोलतेय. दचकू नका, मी जाळीच्या आत आहे आणि तुम्ही बाहेर, तुम्हाला तेवढंच पाहिजे असतं. आधी ते शेंगदाणे फेकणं थांबवा. मी शेंगदाणे खात नाही. माझ्या आईनेही कधी खाल्ले नाहीत. या नागपूरच्या बागेत येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मात्र वाटतं, की आपण टाकलेला शेंगदाणा तरी हा खाईल.

तुम्ही माणसं पोटात चूल घेऊन जन्माला येता. दोन भाकरी खाल्ल्या की चूल पेटली. म्हणून ऊब म्हणजे काय, हे तुम्हाला कधी शिकावंच लागलं नाही. थंडी वाजली की पांघरूण ओढायचं, उकडलं की पदराने वारा घ्यायचा, संपलं. माझ्या पोटात चूल नाही. मला ऊब बाहेरून आणावी लागते आणि जास्त झाली की बाहेर टाकावीही लागते. सकाळी उन्हातला दगड, दुपारी साळिंदराने सोडलेलं बीळ, तिन्हीसांजेला पुन्हा तापलेली पायवाट. दिवसभर मी ऊन आणि सावली यांच्यामध्ये सरकत असते. तुम्ही त्याला आळस म्हणता आणि पोरांना सांगता, अजगरासारखा पडून राहू नको. मी पडून नव्हते हो, मी काम करत होते.

माझं गाव म्हणाल तर चांदा जिल्ह्यातलं रान, भामरागडकडे जाणाऱ्या वाटेवरचा एक नाला. तेव्हा सरकार नागपूरला बसायचं आणि रानातला प्रत्येक सरकारी माणूस नागपूरकडे तोंड करून झोपायचा. तिथल्या लाकूड डेपोवर गुणवंतराव नावाचे फॉरेस्टर होते. दौऱ्यावर आलेला मोठा साहेब चहा पिता पिता त्यांना म्हणाला, की आमच्या बागेला एक चांगलासा अजगर पाहिजे. साहेब तो चहा संपायच्या आत हे विसरला. गुणवंतराव विसरले नाहीत. त्यांना चांद्याला बदली हवी होती, बढतीसकट. आता ती बदली आणि आपण यांच्यामध्ये फक्त एक अजगर आहे, असं त्यांच्या डोक्याने घेतलं.

पौषातल्या एका सकाळी मी भेकराचं पाडस गिळून दगडावर पडले होते. पोट भरलेल्या अजगराला पळता येत नाही. त्यांनी मला धरलं. म्हणजे धरलं कोलूने. कोलू हा डेपोचा चौकीदार, जवळच्या पाड्यावरचा माडिया गोंड माणूस, बोलायला कमी. त्याने माझं डोकं धरलं, चार मजुरांनी बाकीची मी धरली, आणि गुणवंतराव लांब उभे राहून सूचना देत होते. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, की आज म्या अजगर पकडला.

माझ्यासाठी सागाच्या फळ्यांची पेटी केली आणि गुणवंतरावांच्या ओसरीच्या कडेला ठेवली. वर टिनाचं छप्पर. पुढे बांबूच्या कामट्या आणि त्यांच्या मागे तारेची जाळी. ही जाळी मनकर्णाबाईंनी, म्हणजे गुणवंतरावांच्या बायकोने, कोंबड्यांच्या खुराड्यासाठी चांद्याहून मागवली होती. ती न विचारता माझ्या पेटीला ठोकली गेली. बाई दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. नवरा मात्र येईल त्याला जाळी हलवून दाखवायचा आणि म्हणायचा, ह्यातून वाराबी इचारून जाते. मला त्यांनी नाव ठेवलं भीमा. मी नर की मादी हे बघायची त्यांना गरज वाटली नाही. एवढा मोठा म्हणजे बाप्याच असणार, हे ठरलेलं.

त्या पेटीत ऊन नव्हतं आणि बीळही नव्हतं. पेटी सगळीकडून सारखी, पौषात सारखी गार. गार अंगात अन्न पचत नाही, कुजतं. मी पाडस बाहेर टाकलं. डेपोभर वास सुटला. गुणवंतराव नाकाला रुमाल लावून म्हणाले, भीमा रुसला. मग त्यांनी स्वतःची रजई आणून माझ्यावर घातली आणि हात झटकले. आता काय बोलावं! रजई तुमची ऊब धरून ठेवते, ती स्वतः काही तापत नाही. माझ्यात ऊबच नव्हती, तर रजई काय धरणार? थंड दगडावर रजई घाला आणि सकाळी बघा तो कितीसा तापला ते. पण हे फॉरेस्टरच्या परीक्षेत विचारत नसावेत.

रजईने काम होईना म्हणून कंदील आला. पेटीच्या आत, माझ्या अंगाशी. गारठलेल्या सापाला समोर ऊब दिसली की तो तिला जाऊन चिकटतो आणि कातडी भाजली तरी त्याला उशिरा कळतं. माझ्या डाव्या कुशीवर अजून डाग आहे, बघा. एवढं झाल्यावर त्यांना वाटलं, की आता हे शास्त्रशुद्ध करू. डाकबंगल्यातून भिंतीवरचं पाऱ्याचं यंत्र मागून आणलं आणि ते टांगलं वर, छपराला लागून. कंदीलही त्याच्याच शेजारी टांगला. मी असायची खाली, फळीवर. गुणवंतराव सकाळी उठून, तोंड न धुता, पारा बघायचे आणि सांगायचे, भीमाची तब्येत बेस हाये. कंदिलाचा ताप मोजून माझी तब्येत सांगणारा वैद्य मी तेवढा एकच पाहिला. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

माझ्या पोटात मात्र दुसरंच चाललं होतं. मला पकडलं तेव्हाच मी एकटी नव्हते. शिमग्याच्या सुमाराला, होळीसाठी लाकडं ओढण्यात सगळा डेपो गुंतला होता तेव्हा, मी पेटीच्या कोपऱ्यात अंडी घातली. मऊ, पांढरी, एकाला एक चिकटलेली. मी त्यांच्याभोवती वेटोळं घातलं, एकावर एक, आणि वर डोकं ठेवलं. बाहेरून बघणाऱ्याला नुसती मीच दिसत होते.

आता एक गोष्ट सांगते, ती तुमच्यातल्या शिकलेल्यांनाही माहीत नसते. माझ्या पोटात चूल नाही म्हटलं ना मी? नाहीच. पण अंड्यांसाठी मी चूल करू शकते. अंगाचं मांस आवळायचं, सोडायचं, पुन्हा आवळायचं. सारखं. त्या थरथरण्यातून ऊब निघते आणि ती अंड्यांना मिळते. खाणं नाही, पिणं जवळजवळ नाही, रात्रभर आणि सकाळची उन्हं वर येईपर्यंत हेच काम. फाल्गुनातल्या पहाटा आमच्याकडे चांगल्या गार असतात. अंडी फार गार झाली तर आतलं पिल्लू मरतं. फार तापली तरी मरतं. मधल्या दोन बोटांच्या जागेत मला त्यांना दोन महिने धरून ठेवायचं होतं. आयुष्यात दुसरं काही मला इतकं हवं नव्हतं.

आणि मला कोणी पाहिलं? कोलूने. त्याला स्वतःला हिवताप होता. त्या भागात कोणाला नसायचा! एक दिवस सोडून एक दिवस तो यायचा, आणि आला की कोलू त्याची काळी जाड घोंगडी गुंडाळून, दात वाजवत, ओसरीच्या उन्हाला बसायचा. त्या सकाळीही तो बसला होता. त्याने मला बघितलं. मी थरथरत होते. तोही थरथरत होता. बराच वेळ आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. मग मनकर्णाबाई झाडायला आल्या, त्यांना तो म्हणाला,

"बाई, ह्याले हिव भरलं. मी वळखतो."

आणि तो उठला, अंगावरची घोंगडी काढली, पेटीचं दार उघडून माझ्यावर पांघरली. मग नुसत्या बंडीत जाऊन पुन्हा उन्हाला बसला आणि दात वाजवू लागला.

मला हसू आलं असतं, जर मला हसता येत असतं तर. पुन्हा पांघरूण! पण एक सांगायला पाहिजे. या वेळी ती घोंगडी कामाला आली. या वेळी माझ्यात ऊब होती, मी ती कष्टाने तयार करत होते, आणि घोंगडीने ती धरून ठेवली. त्या दिवसापासून मला निम्म्यानेच थरथरावं लागलं. कोलूला यातलं काही कळलं होतं का? छे. त्याने मला तापकरी समजून पांघरूण दिलं. चुकून बरोबर झालं. पण त्याच्याकडे घोंगडी एकच होती, हे मी ओसरीवरून रोज बघत होते.

तेवढ्यावर थांबतील तर ती माणसं कसली! भीमाला हिव भरल्याची बातमी गुणवंतरावांना कळली आणि त्यांचं धाबं दणाणलं. अजगर मेला तर चांदा गेलं. त्यांनी कुनैनची पूड पाण्यात कालवून बांबूच्या नळीने माझ्या तोंडात घातली. कुनैन तुम्ही कधी चाखलं असेल तर पुढचं सांगायला नको. आणि मग, अति तेथे माती म्हणतात तशी, दोन शेगड्या पेटवून पेटीच्या दोन्ही अंगांना ठेवल्या. मोहाच्या लाकडाचे निखारे. वर पारा बघून म्हणाले, आता घाम फुटन अन् ताप उतरन.

सापाला घाम फुटत नाही, महाराज.

फळ्या तापल्या. मी थरथरणं केव्हाच बंद केलं होतं, तरी वेटोळ्याच्या आत ऊब चढत चालली. मला कळत होतं, की अंडी शिजत आहेत. मी ओरडू शकत नाही, आम्हाला फुत्काराखेरीज आवाज दिलेला नाही. मग मी एकच करू शकत होते ते केलं. वेटोळी सोडली. सगळी. घोंगडी बाजूला पडली आणि अंडी उघडी झाली. जेवढी वाफ जाईल तेवढी जाऊ दे म्हणून मी लांब होऊन पडले. तेव्हा गुणवंतराव म्हणाले, पाह्य, कसा आरामात पसरला.

मनकर्णाबाई कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. त्यांनी मान वळवून बघितलं, आणि हातातलं सूप तिथेच खाली ठेवलं.

"अवो, हिव कायचं भरते? खुडूक बसली हाये. अंडे पाहा तिचे."

"भीमा?" गुणवंतराव म्हणाले.

"भीमा नाई, भीमी. सरका तिकडं."

त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही शेगड्या उचलून अंगणात नेऊन पाणी ओतलं. गुणवंतराव बढती विझल्यासारखे त्या राखेकडे बघत राहिले. पण एका अंगाची शेगडी फळीला फारच लागून होती. त्या बाजूची काही अंडी पुढे पिवळी पडली, मग बसली. त्यांत काही हलत नाही हे मला अंगाने कळायचं. त्यांच्यासाठी मी अजून कोणाला माफ केलेलं नाही.

बाईंचं कौतुक करायला निघालात का? थांबा. त्या शहाण्या खुराड्यापुरत्या. खुडूक कोंबडी अंडं चोचीने फिरवते, नाहीतर पिल्लू एका अंगाला चिकटतं, हे त्यांना पाठ. म्हणून दुसऱ्या सकाळी पेटीत हात घालून माझी अंडी फिरवायला निघाल्या! आमचं अंडं जसं पडलं तसंच राहायला पाहिजे. उलटं केलं की आतला जीव गुदमरतो. मी तोंड मिटूनच त्यांच्या मनगटावर डोकं मारलं. एक बांगडी फुटली. बाई मागे सरल्या, मनगट चोळलं आणि म्हणाल्या, बरं बाप्पा, तुयं तू पाह्य. त्या घरात एवढं एकच वाक्य मला शहाणपणाचं ऐकायला मिळालं. मग त्यांनी पेटीच्या कोपऱ्यात एक गंजका खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला, म्हणजे वीज कडाडली तरी अंडी नासत नाहीत. वैशाखात, निरभ्र आभाळाखाली, मी त्या खिळ्याकडे बघत बसायची.

वैशाख आला आणि सगळं उलटलं. आता ऊब आणायची नव्हती, घालवायची होती. टिनाखालची पेटी म्हणजे तवाच. आगीतून फुफाट्यात. घोंगडी मी शेपटीने ढकलून तळाशी लोटली होती. बाईंनी कोलूला सांगितलं, की तुयी घोंगडी घेऊन जा. तो म्हणाला, खुडूक बसलीच्या खालचं काई काढत नसतेत बाई, उठली का घेईन. त्याला पुन्हा ताप येऊन गेला तेव्हा तो भाताच्या तणसात शिरून निजला होता.

बाईंनी छपरावर गवत घातलं आणि वरून ओलं गोणपाट सोडलं. गोणपाट एकच होतं, दुसरं कोंबड्यांना लागत होतं. त्यामुळे पेटीचा एकच अर्धा भाग ओला राहिला, दुसरा कोरडा आणि गरम. झालं! एवढे महिने पारे, कंदील, शेगड्या आणि कुनैन करून जे कोणाला जमलं नाही, ते गोणपाट कमी पडलं म्हणून जमलं. त्या पेटीला पहिल्यांदा दोन बाजू मिळाल्या. एकीकडे ऊन होतं, एकीकडे बीळ. माझी अंडी नेमकी मध्ये होती. मी तिकडचं वेटोळं सैल करायची, इकडचं घट्ट करायची, आणि दिवस निघायचा.

आणि नेमका तेव्हाच ट्रक आला. सागाचे ओंडके न्यायला नागपूरहून आला होता. गुणवंतरावांना वाटलं, आता एकाच्या जागी साहेबाला मायलेकरं नेऊन देऊ. ड्रायव्हरला सांगून पेटीला दोर बांधायला सुरुवात झाली. ते खड्ड्यांचे रस्ते, ती वैशाखातली दुपार, ओंडक्यांवर बांधलेली टिनाची पेटी. पहिल्या नाल्यापर्यंतसुद्धा एक अंडं टिकलं नसतं. मी जाळीवर डोकं आपटलं. गुणवंतराव म्हणाले, भीमीले घाई झाली नागपूरची.

मनकर्णाबाई ट्रकच्या आणि पेटीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"खुडूक कोंबडी पाटीतून कोनी उचलत नाई. आमच्या माहेरी बैलगाडी खोळंबली होती एकदा, पन उचलली नाई."

"हे कोंबडी हाये का?"

"नासके अंडे साहेबाच्या अंगनात उतरवाल, तवा तो तुमाले काय देईन? चांदा देईन का भामरागडच्याबी पलीकडं धाडीन?"

भामरागडच्या पलीकडे! पावसाळ्यात चार महिने जिथे चिठ्ठीही पोचत नाही! अंड्यांची दया गुणवंतरावांना आली नसती. वासाची भीती आली. दोर सोडले आणि ट्रक नुसते ओंडके घेऊन गेला. पुढच्या फेरीला न्यायचं ठरलं.

मग एका सकाळी पहिलं अंडं चिरलं. बोटाएवढं डोकं बाहेर आलं, जीभ काढून वारा चाखला आणि तसंच बसून राहिलं. दुसऱ्या दिवशी आणखी आली. सगळी नाही आली, ते मी सांगितलं. पण बरीच आली. ओली, चकचकीत, अंगठ्याएवढी जाड. मी शेवटचं वेटोळं सोडलं.

पिल्लं सरळ जाळीकडे गेली. ती जाळी ठोकली होती मला अडवायला. कोंबडीचं डोकं अडकेल एवढी तिची भोकं. माझी पिल्लं त्यांतून एकामागे एक निघाली, वारा जातो तशी, न विचारता. ओसरीवरून खाली, अंगणातून सागाच्या थप्प्यांखाली.

मनकर्णाबाई अंगणात उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. त्यांच्या कोंबडीच्या मागे नुकतीच निघालेली पिल्लं होती, आणि अजगराचं पोर मोठं झाल्यावर काय खातं हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. एक हाक मारली असती, तर मजूर काठ्या घेऊन धावले असते. त्यांनी कोंबडीची पिल्लं ओच्यात गोळा केली, पाटीखाली झाकली, पाटीवर दगड ठेवला आणि भाकरी टाकायला आत निघून गेल्या.

गुणवंतराव आले तर पेटीत मी आणि रिकामी टरफलं. त्यांनी बायकोला विचारलं, पिल्लं कुठी गेली? ती म्हणाली, मले काय माहीत, कोंबडीचीबी जातेत कवा कवा. पण एवढी जाळी असताना, म्हणाले ते. तेव्हा बाई चुलीपुढून म्हणाल्या,

"जाळी माह्या कोंबड्यायची होती. तुमीच नेली."

पुढच्या फेरीला मला ट्रकवर चढवलं. पेटी उचलायला पुन्हा कोलूच होता. बाईंनी तळातली घोंगडी काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती झटकली, टरफलाचे तुकडे पाडले, घडी केली आणि पुन्हा माझ्यापाशी ठेवली. नागपूरले थंडी असते म्हन्ते, एवढंच म्हणाला. पुढच्या पौषात स्वतः काय पांघरणार, ते त्याने सांगितलं नाही, आणि मला विचारता येत नाही.

नागपूरला गुणवंतराव पेटीशेजारी हात जोडून उभे राहिले. मोठा साहेब मोटारीतून उतरला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, हा कोणी मागवला?

तेव्हापासून मी इथे आहे. खाली सिमेंट, वर एक विजेचा दिवा, तोही बागेतल्या कारकुनाच्या मर्जीने लागतो. पाऱ्याचं यंत्र इथेही आहे, आणि तेही छपराला लागूनच आहे. पौषात मी गारठते, वैशाखात भाजते, आणि तुम्ही शेंगदाणे फेकता. फार काही मागत नाही. पिंजऱ्याची एक बाजू तापवा, दुसरी गार ठेवा, आणि मध्ये सरकायला जागा द्या. कुठे किती वेळ बसायचं ते माझं मी बघेन.

आणि झाडूवाल्याला सांगा. कोपऱ्यातली ती काळी घोंगडी तो रोज फेकायला बघतो, आणि मी फुत्कारते म्हणून मला माजलेली म्हणतो. आता माझ्यात ऊब नाही. घोंगडीत तर कधीच नसते, ते मी तुम्हाला मघाशीच समजावून सांगितलं. थंडीत तिचा मला काडीचाही उपयोग नाही. तरी मी तिच्यावरच बसते. ती तेवढी राहू द्या.